धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना दुर्बीण कोणती घ्यावी?

पानगळ | ११ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत व्हाइटटेल हरणाचा (पांढऱ्या शेपटीच्या) धनुष्यबाणाचा सीझन फार लांब नाही, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

दोन वर्षं कंपाऊंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याचा सराव चालू आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, मागच्या वर्षी पहिला पूर्ण सीझन मचाणावर बसलो. हरीण मिळालं नाही. नेम चांगला आहे, २५ यार्डांपर्यंत मी निर्धास्त असतो आणि त्यापलीकडे सोडत नाही. कमी पडते ती नजर, असं आता वाटायला लागलंय.

मागच्या ऑक्टोबरची एक संध्याकाळ सांगतो. सूर्य मावळून पंधरा मिनिटं झाली असतील. मचाण अठरा फुटांवर, समोर ओकची झाडं, खाली वाळलेल्या पानांचा थर. आधी पानं वाजली, मग हरीण दिसलं. नर असावा असं वाटलं. खिशातली १० बाय २५ ची छोटी दुर्बीण काढून डोळ्याला लावली तर सगळं करडं. नुसत्या डोळ्यांनी जेवढं दिसत होतं तेवढंही तिच्यातून दिसेना. हरीण २४ यार्डांवर आडवं उभं राहिलं. मी दोरी खेचली, पिन (धनुष्यावर ठरावीक अंतरासाठी लावलेला नेमाचा ठिपका) जागेवर आली, बाण सोडला. ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला आणि बाण पानांत गेला. हरीण शेपूट उभारून पळालं. बॅटरीच्या उजेडात बाण सापडला, रक्ताचा थेंबही नव्हता. सकाळी परत गेलो तेव्हा मचाणापासून १५ यार्डांवर पेन्सिलीएवढी एक फांदी दिसली. तिच्यावर ताजा पांढरा चरा होता.

हरीण वाचलं हे बरंच झालं. पण तोच बाण वळून त्याच्या पोटात गेला असता तर, हा विचार अजून जात नाही.

तर प्रश्न असे: ८ पट घ्यावी की १० पट? ३२ चं भिंग पुरेल की ४२ चं हवं? मला चष्मा आहे. अंतर मोजायचा लेझर दुर्बिणीतच असलेला बरा की वेगळा? जंगल दाट आहे, फार तर शंभर यार्ड दिसतं.

उत्तरवारा | ११ ऑगस्ट

पानगळ, सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. उत्तर तुमच्या त्या संध्याकाळीतच आहे.

दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. तुमच्या १० बाय २५ चे २.५ येतात. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केलीत तर डोळा लावायच्या भिंगात एक छोटी उजळ चकती दिसते, तीच ही. दुर्बिणीतून बाहेर पडणारा सगळा उजेड त्या चकतीतून येतो.

आता डोळ्याचं बघा. भर दुपारी बुबुळातली बाहुली दोन-तीन मिलीमीटरची असते, त्यामुळे दुकानात तुमची ती छोटी दुर्बीण झकास वाटते. अंधार पडू लागला की बाहुली मोठी होते, पाच किंवा जास्त, तरुणपणी सातपर्यंत. डोळ्याने दार पाच मिलीमीटर उघडलं आणि दुर्बीण अडीचचाच झोत देते आहे, म्हणून तुम्हाला करडं दिसलं. ८ बाय ४२ ची चकती ५.२५ ची. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तुमच्या छोट्या दुर्बिणीच्या जवळजवळ साडेचार पट.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. तुमच्या राज्याची पुस्तिका दर वर्षी नव्याने वाचा, वेळा आणि नियम बदलतात. हरीण बहुतेक वेळा त्याच कडेच्या वेळांत बाहेर पडतं. दुर्बीण निवडायची ती त्या अर्ध्या तासासाठी. भर दिवसा कोणतीही चालते.

माझं मत ८ बाय ४२.

माळढोक | १२ ऑगस्ट

८ बाय ४२ ला माझंही अनुमोदन. मचाणावरून शिकार असेल तर दुसरा विचार करू नका.

कातळफूल | १२ ऑगस्ट

मी थोडं वेगळं सांगते. मी पश्चिमेकडे म्यूल डिअर या तिकडच्या हरणाच्या मागे असते. उघडे डोंगर, समोरची उतरण मैलभर लांब. तिथे सकाळचे दोन तास एका जागी बसून नुसतं बघायचं, हरीण कुठे बसतंय ते हेरायचं आणि मग वारा सांभाळत जवळ जायचं. तिथे माझ्या गळ्यात १० बाय ४२ असते, आणि काही जण तर १५ बाय ५६ तिपाईवर लावून बसतात. हातात धरून १५ पट बघणं होतच नाही, हाताची थरथरही पंधरा पट होते.

१० बाय ४२ ची चकती ४.२ ची, म्हणजे अगदी वाईट नाही. त्यामुळे १० पट म्हणजे चूक असं कोणी समजू नये. जंगल कसं आहे त्यावर ठरतं. पण शंभर यार्डांच्या जंगलात, धनुष्य घेऊन, झाडावर? तिथे मीही आठच घेईन.

उत्तरवारा | १२ ऑगस्ट

कातळफूल, बरोबर. पानगळ, आठ का, याची आणखी दोन कारणं सांगतो. दुसरं तुमच्या फांदीशी थेट जोडलेलं आहे.

पहिलं दृष्टिक्षेत्राचं. साधारण ८ बाय ४२ मध्ये हजार मीटरवर १३० मीटरच्या आसपास रुंदी दिसते, १० बाय ४२ मध्ये ११० च्या आसपास. म्हणजे ३० यार्डांवर आठात जवळपास चार यार्ड, दहात सव्वातीन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पानं वाजल्यावर दुर्बीण लावायची आणि झाडांच्या शंभर बुंध्यांत हरीण शोधायचं, तेव्हा तेवढी रुंदी फार उपयोगी पडते.

दुसरं, जवळच्या अंतरावर जितकी पट जास्त तितका फोकसचा पट्टा अरुंद. आठात तो दहाच्या मानाने सुमारे दीडपट खोल असतो, त्यामुळे हरीण दोन पावलं पुढे आलं की लगेच चाक फिरवावं लागत नाही. तरीही आठ पटींचा पट्टा इतका अरुंद असतोच की त्याचा फांदी शोधायला वापर करता येतो. हरणावर फोकस करा, मग चाक सावकाश जवळच्या बाजूला फिरवा. हरीण धूसर होत जातं आणि नुसत्या डोळ्याला अजिबात न दिसलेली काडी एकदम धारदार उभी राहते. १५ यार्डांवरची पेन्सिलीएवढी फांदी अशीच सापडते.

निशिगंध | १३ ऑगस्ट

उत्तरवारा दादा, हे फार छान सांगितलंत. त्याला एक जोड देते, कारण इथेच बरेच जण फसतात.

दुर्बिणीतून तुम्ही जी रेष बघता ती बाणाची वाट नव्हे. बाण डोळ्याच्या खालून निघतो, वर चढून नजरेच्या रेषेच्या वरून जातो आणि मग खाली उतरून लक्ष्यावर येतो. त्यामुळे नजर आणि हरीण यांच्यामध्ये काहीच नाही आणि तरी बाण फांदीला लागला, असं होऊ शकतं. फांदी रेषेच्या चार बोटं वर असते आणि बाण नेमका तिथून जातो.

याला उपाय आहे. धनुष्याला वेगवेगळ्या अंतराच्या पिना असतील तर त्या वापरा. समजा हरीण २५ वर आहे आणि फांदी १५ वर. २५ ची पिन हरणावर ठेवा आणि १५ ची पिन कुठे आली ते पाहा. १५ यार्डांवर बाण तिथूनच जाणार. १५ ची पिन फांदीवर असेल तर सोडू नका. पण त्यासाठी फांदी १५ वर आहे हे आधी माहीत हवं. ते खेचल्यावर कळत नाही, मचाणावर बसल्या बसल्या दुर्बिणीने आणि लेझरने बघून ठेवायचं असतं. मी बसल्यावर पहिली वीस मिनिटं हेच करते. प्रत्येक मोकळ्या वाटेतली प्रत्येक काडी.

पानगळ | १३ ऑगस्ट

निशिगंध, हे वाचून अंगावर काटा आला. नेमकं असंच झालं असणार. मी खेचलं तेव्हा मध्ये काहीही नव्हतं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय. पिनांचा हा उपयोग मला कोणी शिकवला नव्हता. उद्याच मैदानावर दोरी ताणून करून बघतो.

चष्म्याचं कोणी सांगेल का? शिवाय एकाच मापाच्या दोन दुर्बिणींच्या दर्जात इतका फरक का असतो?

तांबट | १४ ऑगस्ट

मी शिकार करत नाही, पक्षी बघतो, पण वीस वर्षं दुर्बीण गळ्यात आहे म्हणून लिहितो.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर, लेप नसेल तर, सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. शिवाय तो आत इकडेतिकडे उसळून चित्र फिकं करतो. १९३५ मध्ये त्साइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी हे परावर्तन कमी करणारा लेप काढला, आणि आजच्या दुर्बिणींचा जीव त्या लेपांतच आहे. खोक्यावर ‘फुली मल्टीकोटेड’ लिहिलेलं असेल तर सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे असा अर्थ. नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर काही पृष्ठभागांवर एक थर, बस. हा एक शब्द नीट वाचा.

दुसरी गोष्ट प्रिझमची, म्हणजे उलटं चित्र सरळ करणाऱ्या आतल्या काचेच्या ठोकळ्यांची. जुन्या पद्धतीच्या, खांदे बाहेर आलेल्या दुर्बिणी पोरो प्रिझमच्या. इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये त्या रचनेचं पेटंट घेतलं होतं. सरळ नळ्यांच्या दुर्बिणी रूफ प्रिझमच्या. रूफमध्ये उजेड दोन भागांत विभागून पुन्हा एकत्र येतो, त्यात थोडा फरक पडतो आणि बारीक तपशील बोथट होतो. त्यावर ‘फेज कोटिंग’ हा उपाय. त्साइसने तो १९८८ मध्ये आणला, आता मध्यम दर्जाच्या दुर्बिणींतही मिळतो. पोरोला त्याची गरजच नाही. म्हणून हात आखडता असेल तर साधी चांगली पोरो ही स्वस्त रूफपेक्षा बऱ्याचदा सरस दिसते. फक्त ती रुंद आणि बोजड असते, आणि पाण्यापासून बंदिस्त पोरो कमी मिळतात.

तिसरं, बहुतेक रूफ दुर्बिणींत प्रिझमच्या एका पृष्ठभागाला आरशाचा लेप लागतो. तिथे ‘डायइलेक्ट्रिक’ असेल तर ९९ टक्क्यांहून जास्त उजेड परततो, अॅल्युमिनियम असेल तर बराच कमी.

ईडी काचेचा (रंग कमी फाकवणाऱ्या) गाजावाजा खूप होतो. तिच्यामुळे फांद्यांच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार कमी होते. चांगली गोष्ट आहे, पण अंधारात उजेड ती वाढवत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी लेप आणि प्रिझम, मग ईडी.

उत्तरवारा | १४ ऑगस्ट

तांबट, मनापासून आभार. शिकारीच्या गप्पांत ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा, कमी उजेडात किती दिसेल ते सांगणारा आकडा फिरत असतो, त्याचंही इथेच सांगतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. ८ बाय ४२ चे १८.३, १० बाय ४२ चे २०.५. त्यावरून दहा चांगली असं सांगणारे भेटतील. हा आकडा काचेचा दर्जा, लेप, डोळ्याची बाहुली, हाताची थरथर यांपैकी काहीच धरत नाही. त्याच्या भरवशावर निवडू नका.

चष्म्याबद्दल. ‘आय रिलीफ’ बघा, म्हणजे भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण वर्तुळ दिसतं ते. चष्मा असेल तर किमान १५ मिलीमीटर, १७-१८ असेल तर निवांत. डोळ्याजवळचे रबरी कप पूर्ण आत फिरवून, तुमचाच चष्मा लावून बघा. वर्तुळाची कड सगळीकडून दिसली पाहिजे. कडेला काळ्या सावल्या सरकत असतील तर ती दुर्बीण तुमची नाही, मग ती कितीही नावाजलेली असो.

आणि उजव्या डोळ्याचा डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारी कडी, नीट लावा. उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने फोकस करा, मग डावं झाकून उजव्याची कडी फिरवा. एकदा जमलं की त्या खुणेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, पिशवीत घासून ती कडी हलते. दुर्बीण लावून अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

माळढोक | १५ ऑगस्ट

दुकानात बघताना दुकानाच्या दिव्यात बघू नका. शक्य असेल तर दाराबाहेर, संध्याकाळी, झाडाच्या सावलीतल्या काळ्या बुंध्याकडे बघा. सालीतल्या भेगा शेवटपर्यंत कोणती दाखवते ते बघायचं. मी दोन दुर्बिणी अशा शेजारी धरल्या होत्या. दुपारी फरक सांगता येत नव्हता, दिवस मावळल्यावर एकीत साल दिसत होती आणि दुसरीत फक्त काळा खांब.

निशिगंध | १६ ऑगस्ट

आता तो विषय, ज्यावर दुकानात कोणी बोलत नाही. बंदुकीवाल्यांची दुर्बीण छातीवर कशीही लटकली तरी चालते, आपली नाही. आपल्यासमोर दोरी असते.

उजव्या हाताने खेचत असाल तर पूर्ण खेचल्यावर दोरी छातीच्या डाव्या बाजूजवळून जाते. थंडीचं जाड जाकीट, त्यावर छातीची पिशवी, पिशवीत ४२ ची जाड दुर्बीण. दोरी सुटताना पिशवीच्या कोपऱ्याला किंवा पट्ट्याच्या बकलला चाटली की बाण गेला. माझा असा एक बाण २० यार्डांवर फूटभर डावीकडे गेला. त्या दिवशी मैदानावर होते म्हणून फक्त फळीच फुटली. तेव्हापासून नियम केलाय: सीझनच्या आधी पूर्ण पोशाख, पिशवी, दुर्बीण, झाडावरून पडू नये म्हणूनचा सेफ्टी हार्नेस, सगळं अंगावर घालून, बसून, उभं राहून, डावीकडे उजवीकडे वळून निदान शंभर बाण मारायचे. पिशवी थोडी उजवीकडे आणि खाली ओढून घ्या. पट्ट्यांची लोंबती टोकं कापून शिवून टाका.

दुसरं आवाजाचं. वेल्क्रोची पिशवी शांत जंगलात फाडल्यासारखी वाजते. चुंबकाचं झाकण घ्या. तेही ‘चट्’ करतं, म्हणून मी लोकरीचा पातळ तुकडा मध्ये चिकटवलाय. पुढच्या भिंगांची लटकती झाकणं घरीच ठेवा. एका वर्षी त्या झाकणाची प्लॅस्टिकची चकती मचाणाच्या लोखंडी कठड्यावर आपटली. चाळीस यार्डांवरच्या मादीने मान वर केली, पुढचा पाय दोनदा आपटला, आणि त्या संध्याकाळी दुसरं काही आलं नाही.

तिसरं, हातात धनुष्य असताना दुर्बीण एका हाताने उचलता, फोकस करता आणि परत ठेवता आली पाहिजे. माझे हात लहान आहेत. मधे पूल उघडा असलेली, बोटं दोन्ही नळ्यांभोवती जातात अशी दुर्बीण मला सोयीची पडली. डोळ्यांमधलं अंतर कमी असेल तर नळ्या पुरेशा जवळ येतात का तेही बघा. चाक थंडीत फिरवून बघा. काहींचं ग्रीस इतकं घट्ट होतं की हातमोज्याने हलतच नाही.

वजनाचं सांगायचं तर ८ बाय ४२ साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम. ते गळ्यातल्या पट्ट्यावर नको, खांद्यांवरून जाणाऱ्या हार्नेसवर घ्या.

रातकिडा | १६ ऑगस्ट

मग ३२ ची का नको? हलकी असते, दोरीच्या आडही कमी येते.

उत्तरवारा | १७ ऑगस्ट

वाजवी प्रश्न. ८ बाय ३२ ची चकती चार मिलीमीटरची. चांगल्या काचेची ३२ ही सुमार ४२ पेक्षा चांगली, यात मला शंका नाही. जमिनीवरून चालत शिकार करणाऱ्याला किंवा ज्याच्या पिशवीला खरंच जागा नाही त्याला मी तीच सांगेन. वय पन्नाशीपुढे गेलं की बाहुली तशीही पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे फरक आणखी कमी होतो. पण पानगळ यांची अडचण शेवटच्या पंधरा मिनिटांची आहे आणि ते बसून शिकार करतात. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त झाले तरी ते चालवू शकतात.

लेझरबद्दल: मी वेगळा वापरतो. दुर्बिणीतला लेझर सोयीचा असतो, एकच वस्तू डोळ्याला लावायची. पण ती दुर्बीण जड होते, आणि तेवढ्याच पैशांत काच दुय्यम मिळते. आपल्याला सगळी झाडं आधीच मोजून ठेवता येतात. ओक २२, बीच १७, दगड ३०. हरीण आल्यावर मोजायची वेळ सहसा येत नाही, येऊही नये. फक्त कोनाचा हिशेब करणारा घ्या. वीस फुटांवरच्या डोळ्यापासून सरळ रेषेत २० यार्ड आले तर आडवं अंतर १९ च्या जवळपास असतं. तिथे फरक छोटा आहे, पण मचाणाखाली उतार असेल तर वाढतो.

कातळफूल | १७ ऑगस्ट

धुक्याचं राहिलं. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली, पाण्यापासून बंदिस्त दुर्बीण आतून धुरकट होत नाही. बाहेरून मात्र होते, आणि लोकांची तक्रार तीच असते. गरम जाकिटाच्या आतून काढून थंड हवेत आणली किंवा नाकातोंडाचा श्वास भिंगावर गेला की संपलं. ती जाकिटाच्या बाहेरच ठेवा, बाहेरच्या हवेइतकी थंड होऊ द्या, डोळ्याला लावताना श्वास खाली सोडा. पुसायचं असेल तर आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मगच मायक्रोफायबर. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की वाळूचे कण लेपावर चरे पाडतात.

उत्तरवारा | १८ ऑगस्ट

शेवटचं, बघायचं कसं. जंगलात सगळं उभं असतं, बुंधे, फांद्या, सावल्या. हरणाची पाठ आडवी असते. पूर्ण हरीण शोधू नका, जमिनीपासून तीन फुटांवरची आडवी रेघ शोधा. कानाची फडफड, ओलं नाक, मागच्या पायाचा कोन. डोळ्यांनी आधी हालचाल पकडा, मग दुर्बीण लावा, उलट नाही.

आणि ती कधी उचलू नये हेही. हरणाला शिकाऱ्याच्या जाकिटाचा नारिंगी रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही, पण हालचाल त्याला झटकन कळते, आणि डोळे बाजूला असल्याने जवळजवळ मागपर्यंत दिसतं. त्याचं डोकं झाडाआड असताना किंवा मान खाली असताना उचला. तीस यार्डांच्या आत आल्यावर दुर्बीण पिशवीत. जे ठरवायचं ते त्याआधी ठरलेलं असू द्या. बाण सुटल्यावर मात्र लगेच परत डोळ्याला. कुठे लागला, कोणत्या झाडाशेजारून गेलं, शेवटचं कुठे दिसलं. मागाची सुरुवात तिथून होते.

पानगळ | ९ नोव्हेंबर

मंडळी, उशिरा लिहितोय. ८ बाय ४२ घेतली, फेज कोटिंग आणि डायइलेक्ट्रिक असलेली, आय रिलीफ १७. माळढोक यांनी सांगितल्याप्रमाणे दिवस मावळताना बुंध्याकडे बघून निवडली. लेझर वेगळा. पिशवीसकट शंभर नव्हे, तीनशे बाण मारले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या वर्षीच्याच जागी बसलो होतो. सूर्य मावळून वीस मिनिटांनी नर आला. या वेळी शिंगांची टोकं मोजता आली, डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला तीन. ओकच्या खुणेशी उभा राहिला, २२ यार्ड. फोकस मागे आणला तर एक काडी, वाळलेलं एकच पान लोंबत असलेली. खेचून १५ ची पिन बघितली, ती पानावरच होती. सोडलं नाही. दोन मिनिटं तसाच ताणून धरलं, हात कापायला लागले, मग हळूच सैल केलं. तो ओकाची फळं खात निघून गेला. मी खाली उतरलो तेव्हा गुडघे लटपटत होते, पण मागच्या वर्षीसारखं वाटत नव्हतं.

चार दिवसांपूर्वी सकाळी मादी मिळाली. १८ यार्ड, मध्ये काही नाही. बाण सुटल्यावर दुर्बीण लावली तर ती वाकड्या बर्चशेजारून उतारावर जाताना दिसली. अर्धा तास थांबून त्या बर्चपाशी गेलो, तिथून साठ पावलांवर पडली होती. तो बर्च पाहून ठेवला नसता तर पानांत पहिला थेंब सापडायला किती वेळ गेला असता माहीत नाही. घरी सगळ्यांनी मिळून मांस केलं.

निशिगंध, एक विचारायचं आहे. जाड जाकीट घातल्यावर हार्नेसचा डावा पट्टा खांद्यावरून घसरून पुढे येतो आणि खेचताना हाताला लागतो. मागे पाठीवर पट्टे एकत्र बांधावेत का?

निशिगंध | ९ नोव्हेंबर

पानगळ, अभिनंदन! त्या नराला जाऊ दिलंत ते वाचून फार बरं वाटलं.

पट्ट्याचं: पाठीवर दोन्ही पट्टे जिथे फुलीसारखे येतात ती जोडणी चार बोटं वर सरकवा, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. मग पुढे घसरत नाही. सेफ्टी हार्नेसचा दोर तिच्यावरून मोकळा जातो ना ते मात्र जमिनीवर उभं राहून तपासा, झाडावर नको.